क्लिंगन व्याकरणांतील सर्वनामें

कोणत्याहि भाषेचा कोश पाहिला म्हणजे ती बोलणाऱ्या लोकांच्या घरांत, शेतांत व बाजारांत काय काय आहे, याची यादी हातीं येते. परंतु ते लोक एकमेकांस काय समजतात, कोणाला आपल्या बरोबरीचा मानतात व कोणाला वस्तूंत जमा करतात, हें पाहावयाचें असेल तर कोश मिटून व्याकरण उघडावें, आणि व्याकरणांतहि सर्वनामांचें प्रकरण आधीं काढावें. नामें हजारों असतात. तीं उसनीं घेतां येतात, टाकतां येतात. सर्वनामें मोजकीं आठ-दहा. पण मनुष्याचें मनुष्याशीं असलेलें नातें पुष्कळसें त्या आठ-दहा शब्दांतूनच व्यक्त होत असतें. हीच कसोटी एका कल्पित लोकांच्या कल्पित भाषेस लावून पाहण्याचा येथें विचार आहे. ती भाषा म्हणजे क्लिंगन.

क्लिंगन लोक प्रथम दिसले ते १९६७ सालीं, ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेंत. अंतराळांतील एक युद्धप्रिय राष्ट्र, अशी त्यांची कल्पना होती. प्रेक्षकांच्या सोयीसाठीं ते इंग्रजीच बोलत. १९७९ सालच्या चित्रपटांत त्यांच्या तोंडीं कांहीं परके शब्द घालण्यांत आले. ते मालिकेंतीलच एक नट जेम्स डूहन यांनीं जुळविलेले होते. १९८४ सालच्या तिसऱ्या चित्रपटासाठीं मात्र हें काम मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाकडे सोंपविलें गेलें. त्यांनीं त्या पूर्वीच्या तुटपुंज्या शब्दांना सामावून घेऊन एक सांगोपांग व्याकरण रचलें व तें ‘द क्लिंगन डिक्शनरी’ या नांवानें १९८५ सालीं छापलें गेलें. पुरवणी जोडलेली आवृत्ति १९९२ सालीं निघाली, आणि त्याच वर्षीं अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया राज्यांत या भाषेच्या अभ्यासकांची एक संस्थाहि निघाली. १९९६ सालीं त्या संस्थेनें शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चें क्लिंगन रूपांतर प्रसिद्ध केलें, २०१० सालीं हेग येथें या भाषेंत एक संगीतिका झाली.

इतकें झालें तरी सुशिक्षित मनुष्यानें या पोरखेळांत वेळ कां दवडावा, असा प्रश्न पुष्कळजण करतील. प्रश्न रास्त आहे; परंतु त्याच्या मुळाशीं एक गैरसमज आहे. कल्पित भाषेकडे आपण उपयुक्ततेच्या दृष्टीनें पाहतों व ती निरुपयोगी ठरवून मोकळे होतों. वस्तुतः ती एक वाङ्मयकृति आहे. कादंबरीकार पात्रांच्या वर्तनांतून एक समाज उभा करतो. ओक्रँड यांनीं तो प्रत्ययांतून उभा केला आहे. तेव्हां वाङ्मयकृतीला विचारावयाचे तेच प्रश्न तिला विचारावे: हिच्यांत मनुष्यस्वभावाचें कांहीं खरें निरीक्षण आहे काय, आणि तें वाचून आपल्याला आपल्याविषयीं कांहीं नवें कळतें काय? माझ्या मतें दोन्ही प्रश्नांचें उत्तर होकारार्थी आहे, आणि तें उत्तर सर्वनामांच्या प्रकरणांत सांपडतें.

उदाहरणें देण्यापूर्वीं लेखनाविषयीं दोन शब्द. घशांत घासून निघणाऱ्या एका ध्वनीसाठीं येथें ‘ख’ हें अक्षर योजिलें आहे, आणि कंठांत श्वास तटकन् तोडावयाचा असतो तेथें (’) अशी खूण केली आहे. बाकीचें उच्चारण मराठी जिभेला फारसें अवघड नाहीं. क्लिंगनमधील ‘ड’ आणि ‘ष’ हे मूर्धन्य वर्ण इंग्रज वाचकाला शिकावे लागतात, ते आपल्याला जन्मतःच येतात.

क्लिंगनमध्यें पुरुषवाचक सर्वनामें आठ आहेत. मी म्हणजे ‘जिख’, आम्ही ‘माख’, तूं ‘षोख’, तुम्ही ‘त्लिख’. आम्ही आणि आपण, म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून व ऐकणाऱ्याला धरून, असा जो नाजुक भेद मराठींत आहे तो तेथें नाहीं. ‘त्लिख’ हें केवळ अनेकवचन आहे, आदरार्थी नव्हे. सेनापति एकटा असेल तर तोहि ‘षोख’च. तो आणि ती यांतहि भेद नाहीं. या भाषेला लिंगविचारच मान्य नाहीं. मग तृतीय पुरुषीं चार सर्वनामें कां? तर तेथें एक निराळाच भेद केला आहे. ‘गाख’ म्हणजे जो बोलूं शकतो असा तो किंवा ती. ‘ओख’ म्हणजे ज्याला वाचा नाहीं असें तें. त्यांचीं अनेकवचनें अनुक्रमें ‘चाख’ आणि ‘बिख’. पुरुष आणि स्त्री, थोर आणि सान, आपला आणि परका, या सर्व भेदांना फांटा देऊन या व्याकरणानें जगाचे दोनच भाग केले आहेत: वाचासंपन्न आणि वाचाहीन.

हा भेद सर्वनामांपाशींच थांबत नाहीं. वाचासंपन्न प्राण्यांचें अनेकवचन ‘पू’’ या प्रत्ययानें होतें, इतर वस्तूंचें ‘मेय’ या प्रत्ययानें. शरीराच्या अवयवांसाठीं ‘डू’’ हा तिसरा प्रत्यय आहे. ‘माझा’ या अर्थाचेहि प्रत्यय दोन आहेत. वस्तु माझी असेल तर ‘विज’. बोलणारा जीव माझा असेल तर ‘वि’’. मूल या अर्थाचा शब्द ‘पूक’. ‘पूकवि’’ म्हणजे माझें मूल. कोणी ‘पूकविज’ म्हटलें तर व्याकरणाच्या दृष्टीनें तें चूक नाहीं, अर्थहि तोच. परंतु तो अपमान आहे. मूल हें जणूं खुर्ची किंवा तरवार आहे, असें बोलणाऱ्यानें दर्शविलें. धनी या अर्थाच्या ‘जोख’ या शब्दाला हा वस्तुवाचक प्रत्यय लावणें तर निषिद्धाच्या सीमेवर जातें, असें ओक्रँड यांनीं नमूद केलें आहे. येथें त्यांच्या कल्पकतेला दाद द्यावीशी वाटते. शिव्यांची यादी कोणीहि रचील. परंतु अपशब्द न उच्चारतां एका प्रत्ययानें माणसाला वस्तु करून टाकण्याची सोय व्याकरणांत ठेवणें, आणि ती सोय ‘चूक’ या सदरांत न घालतां ‘अपमान’ या सदरांत घालणें, ही मनुष्यस्वभावाची खरी जाण आहे. तुच्छता ही व्याकरणाची चूक कधींच नसते. ती व्याकरणशुद्धच असते.

यांत आणखी एक बारकावा आहे. ‘माझा’, ‘आमचा’, ‘तुझा’, ‘तुमचा’ या चारहि अर्थीं प्रत्ययांच्या अशा जोड्या आहेत. ‘त्याचा’ आणि ‘त्यांचा’ या अर्थीं मात्र प्रत्येकीं एकच प्रत्यय असून तो सजीवाला व वस्तूला सारखाच लागतो. अर्थात् संबंधाच्या प्रत्ययापुरतें पाहिलें तर ‘तुझें मूल’ म्हणतांना अपमान करतां येतो, ‘त्याचें मूल’ म्हणतांना येत नाहीं. तोंडावर बोलावें, पाठीमागें नाहीं, हा या योद्ध्यांच्या समाजाचा बाणा एका कोष्टकांतून वाचकाच्या ध्यानांत येतो. ग्रंथकारानें त्यावर टीकेचें एक वाक्यहि खर्च केलेलें नाहीं, आणि तेंच उत्तम आहे.

क्रियापदाचा विचार केला तर चित्र पालटतें. क्लिंगन वाक्यांत कर्म आधीं, मग क्रियापद आणि शेवटीं कर्ता. जगांतील भाषांत ही रचना अत्यंत विरळ असून ब्राझीलमधील हिश्कार्याना भाषेंत ती आढळल्याचें प्रसिद्ध आहे. क्रियापदाच्या आरंभीं कर्ता व कर्म या दोघांनाहि एकदम सांगणारा उपसर्ग लागतो. ‘लेग’ म्हणजे पाहणें. ‘कालेग’ या एका शब्दाचा अर्थ मी तुला पाहतों. ‘चोलेग’ म्हणजे तूं मला पाहतोस. ‘मूलेग’ म्हणजे तो मला पाहतो. आज्ञार्थाचे सोडून असे २३ उपसर्ग आहेत. त्यामुळें स्वतंत्र सर्वनाम बहुधा लागतच नाहीं. आपण मराठींत नुसतें ‘येतों’ म्हणतों तसेंच हें. परंतु आपल्या क्रियापदावर कर्ता किंवा कर्म यांपैकीं एकाचीच छाप असते. येथें दोघे एकाच अक्षरांत बांधलेले आहेत. ‘मी’ सांगितला कीं कोणाविषयीं, हेंहि सांगावेंच लागतें. कर्ता अनिश्चित असेल तर क्रियापदाला ‘लू’’ हा प्रत्यय लागतो आणि मग एक चमत्कार होतो. ‘डालेग’ म्हणजे तूं तें पाहतोस. ‘डालेगलू’’ म्हणजे कोणीतरी तुला पाहतें. कर्ता नाहींसा झाल्याबरोबर त्याची खूण कर्माच्या अंगावर येऊन पडते.

आतां कोणी म्हणेल, वाचासंपन्न व वाचाहीन हा भेद तरी ओक्रँड यांचा स्वतःचा काय? तो तसा नवा नाहीं. आपल्या शेजारच्या तमिळ भाषेंत तो कित्येक शतकें नांदत आहे. ‘तोल्काप्पियम्’ या प्राचीन व्याकरणग्रंथांत नामांचे ‘उयर्तिणै’ आणि ‘अह्रिणै’, म्हणजे उच्च वर्ग व तदितर वर्ग, असे दोन भाग केलेले आहेत. पहिल्यांत मनुष्यें, आणि दुसऱ्यांत पशु, वृक्ष, पाषाण. परंतु तमिळमध्यें लहान मुलाचें क्रियापद बहुधा या दुसऱ्या वर्गाप्रमाणें चालतें, जसें मराठींत मूल नपुंसकलिंगी असतें. क्लिंगनमध्यें मूल पहिल्यापासून बोलणाऱ्यांच्या पंक्तीस बसलेलें आहे. शत्रूचीहि तीच गोष्ट: पृथ्वीवरील मनुष्यें असोत वा अन्य ग्रहांवरील हाडवैरी असोत, त्यांचें अनेकवचन ‘पू’’ प्रत्ययानेंच होतें. ज्यांचा शिरच्छेद करावयाचा त्यांचेंहि माणूसपण व्याकरण आधीं मान्य करतें. तें नाकारावयाचें असेल तर बोलणाऱ्याला मुद्दाम वाट वांकडी करावी लागते, आणि त्यानें ती केल्याचें सर्वांना ऐकूं येतें.

या ठिकाणीं मराठी वाचकानें आपल्या घरांत डोकावून पाहावें. आपल्या सर्वनामांना वाचेशीं कर्तव्य नाहीं. दगड, बैल आणि शास्त्रीबुवांचा मुलगा हे तिघेहि ‘तो’. त्यांना कर्तव्य आहे तें पायरीशीं. समोरचा मनुष्य तूं, तुम्ही कीं आपण, याचा निवाडा झाल्याखेरीज आपल्या तोंडून पुरें वाक्य निघत नाहीं. वडील ‘आले’ असतात, आई ‘आली’ असते. आईचें एकवचन जिव्हाळ्याचें आहे, हें खरें. देवालाहि आपण ‘तूं’च म्हणतों. पण घरकाम करणाऱ्या बाईलाहि तोच ‘तूं’, आणि तो जिव्हाळ्याचा आहे अशी तिची समजूत असेलसें वाटत नाहीं. एकच शब्द देवघरांत भक्तीचा व मोरींत हुकमाचा होतो, आणि आपल्या कानाला त्यांत कांहीं खटकत नाहीं.

मनुष्य व वस्तु हा भेद मराठी व्याकरणांतहि आहे. मात्र तो सर्वनामांत नसून कर्माच्या विभक्तींत आहे. ‘मीं घर पाहिलें’, पण ‘मीं मुलीला पाहिलें’. निर्जीव कर्म विभक्तीवांचून येतें. मनुष्य कर्म झाला म्हणजे सामान्यतः त्याला ‘ला’ लागतो, आणि तो ‘ला’ म्हणजे एका अर्थीं त्याच्या माणूसपणाची नोंद होय. असें असतां लग्नाच्या बोलाचालींत आपण काय म्हणतों? ‘काल पुण्याची मुलगी पाहिली’, ‘मुलगी पसंत केली’, ‘मुलगी दिली’. घर पाहिलें, जागा पसंत केली, गाय दिली, त्याच चालीवर हीं वाक्यें चालतात. तो ‘ला’ नेमका तेथेंच गळून पडतो. क्लिंगन मनुष्याच्या तोंडून ‘पूकविज’ निघालें तर ऐकणारा खवळून उठेल. आपल्याकडे ‘मुलगी पाहिली’ म्हटल्यावर शेजारी आनंदानें चौकशी करतात. तेथें तुच्छतेला आवाज आहे. येथें ती रूढींत मुरून गेल्यामुळें मुकी झाली आहे. एका कल्पित भाषेच्या व्याकरणानें एवढें जरी आपल्या कानावर घातलें, तरी त्या पुस्तकाचें मोल वसूल झालें असें मी समजेन.

सर्वनामांचा दुसरा विशेष याहूनहि खोल आहे. क्लिंगनमध्यें ‘असणें’ हें क्रियापद नाहीं. तें काम सर्वनामच करतें. ‘त्लिंगान जिख’, म्हणजे शब्दशः ‘क्लिंगन मी’. अर्थ, मी क्लिंगन आहें. नाहीं म्हणावयाचें तर नकाराचा प्रत्यय सर्वनामालाच लावावयाचा: ‘त्लिंगान जिखबे’’. मराठींतहि ‘मी शिक्षक’ असें म्हणून चालतें. पण आपल्याला मागें ‘आहें’ अध्याहृत आहे असें वाटतें, तेथें मागें कांहींच नाहीं. आणि ‘अमुक वस्तु आहे’ असें सांगावयाचें तर ‘टू’लू’’ म्हणावें लागतें, म्हणजे ‘ती कोणाला तरी आढळते’. याचा परिणाम असा कीं, कोणाचें तरी असणें सांगतां येतें, किंवा कोणाला तरी आढळणें सांगतां येतें. नुसतें, निराधार, निर्गुण असणें या भाषेंत सांगतांच येत नाहीं. अस्तित्वाला तेथें नेहमीं कोणीतरी धनी लागतो.

ही अडचण १९९१ सालच्या सहाव्या चित्रपटाच्या वेळीं प्रत्यक्ष उभी राहिली. शेक्सपिअर मूळ क्लिंगनमध्येंच वाचावा, असा विनोद त्यांतील एक पात्र करतें. तेव्हां हॅम्लेटच्या प्रसिद्ध स्वगताचा आरंभ क्लिंगनमध्यें सांगणें ओघानेंच आलें, आणि तो आरंभ तर नेमका ‘असणें’ या क्रियापदावर उभा! ओक्रँड यांनीं पहिल्यानें ‘जगणें’ या अर्थाचा धातु सुचविला. तो पसंत न पडल्यानें ‘टाख’ हा धातु योजिला. त्याचा अर्थ चालू राहणें, टिकून राहणें. भाषांतरकाराला अडचणींतून जें सुचतें तें कधीं कधीं टीकाकाराला विचारांतून सुचत नाहीं. डेन्मार्कच्या त्या राजपुत्रापुढें खरा प्रश्न तत्त्वज्ञानांतल्या सत्तेचा आहे, कीं सोसत टिकून राहण्याचा? मूळ वाक्यांत दोन्ही अर्थ गुंफलेले आहेत; क्लिंगननें त्यांतला एक उचलून दुसरा सोडला. तो सोडल्यानें हानि झाली हें कबूल केलें पाहिजे. पण उचलला तो अर्थ खोटा नाहीं.

या रचनेंत दोष नाहींत असें नाहीं. आदर दाखविण्यासाठीं क्रियापदाला ‘नेष’ असा एक प्रत्यय ठेवला आहे. पण तो केव्हांहि आवश्यक नसतो व क्लिंगन लोक तो क्वचितच वापरतात, असें सांगून ग्रंथकार मोकळे होतात. दरबार, घराणीं आणि सेनापति यांनीं भरलेल्या समाजांत दर्जाची भाषा इतकी लंगडी असावी, हें पटत नाहीं. दुसरें असें कीं, लढाईच्या घाईंत उपसर्ग गाळण्याची जी मुभा दिली आहे तिनें पुष्कळ वेळां कर्ता-कर्मांचें तें सुंदर बंधन सैल होतें. ‘समजलें’ एवढेंच उरतें, कोणाला समजलें तें प्रसंगावरून ताडावें लागतें. आणि सर्वांत महत्त्वाचा आक्षेप वाचेच्या कसोटीवरच आहे. बोलूं शकतो तो मनुष्य, हें ऐकावयास उदार वाटतें. पण कोण बोलूं शकतो, हें ठरवावयाचें कोणीं? १९८५ सालीं हा प्रश्न केवळ कौतुकाचा होता. २०२२ सालानंतर विचारलेल्या प्रश्नाला अस्खलित उत्तर देणारीं यंत्रें ज्याच्या त्याच्या हातीं आलीं आहेत. त्यांना ‘गाख’ म्हणावें कीं ‘ओख’? त्या कोष्टकांतली एक रेघ आतां वादाची झाली आहे.

या आक्षेपाचें वजन ध्यानीं येण्यास ओक्रँड यांचें आधींचें कार्य पाहिलें पाहिजे. १९७७ सालीं त्यांनीं बर्कली येथील विद्यापीठाला जो प्रबंध सादर केला तो कॅलिफोर्नियांतील मुत्सुन या मूळ रहिवाशांच्या भाषेच्या व्याकरणावर होता. सॅन व्हान बाउतिस्ता या १७९७ सालीं स्थापन झालेल्या ख्रिस्ती मठाच्या आसऱ्याला आणि अंमलाखालीं आणलेले हे लोक. आर्रोयो दे ला कुएस्ता या धर्मोपदेशकानें त्यांच्या भाषेचें व्याकरण लिहून ठेविलें. पण भाषा मात्र घरांघरांतून निघून गेली. ती अस्खलित बोलणारी शेवटची स्त्री, असेन्सियॉन सोलोर्सानो, १९३० सालीं वारली. त्यापूर्वीं थोडेच दिवस हॅरिंग्टन या संशोधकानें तिच्या आजारपणांत तिच्याजवळ बसून तिचे शब्द टिपून घेतले होते. त्या टिपणांवरून ओक्रँड यांनीं व्याकरण बांधलें. म्हणजे जिची शेवटची बोलणारी गेली त्या भाषेचें व्याकरण आधीं, आणि जिचा पहिला बोलणारा अजून जन्मला नव्हता त्या भाषेचें व्याकरण मागाहून, असें दोन्ही या एकाच लेखणीनें लिहिलें. एका समाजाची वाचा वाचाच नव्हे असें ठरविणें किती सोपें असतें, याचा दाखला मुत्सुनच्या इतिहासांत आहे. पुढें त्याच लोकांच्या वंशजांनीं आपली भाषा पुनः शिकण्याचा उद्योग आरंभिला आणि २०१६ सालीं मुत्सुनचा मोठा कोशहि तयार झाला, ही समाधानाची गोष्ट.

सन १८८७ मध्यें झामेनहॉफ यांनीं एस्पेरांटो भाषा प्रसिद्ध केली, तेव्हां सर्व मनुष्यें एक व्हावीं हा त्यांचा हेतु होता. तींत लहान-थोर, एक-अनेक, सर्वांना एकच ‘वि’ आहे. क्लिंगनच्या मागें असला उदात्त हेतु नाहीं. ती चार घटका करमणुकीसाठीं जन्माला आली. परंतु समतेचा उपदेश करणाऱ्या भाषेपेक्षां अपमान कसा होतो हें उघड करून दाखविणारी भाषा कधीं कधीं अधिक शिकविते. व्याकरण कोणाला सज्जन करूं शकत नाहीं. दुर्जनपणा करावयाचा असल्यास तो कोठल्या प्रत्ययानें केला, एवढें तें दाखवूं शकतें. ओक्रँड यांच्या या छोट्या ग्रंथानें तें दाखविलें आहे. आणि तो वाचून ज्याला आपल्या बोलण्यांतील गळलेला एक ‘ला’ ऐकूं येऊं लागेल, त्यानें क्लिंगनचा एकहि शब्द पाठ केला नाहीं तरी चालेल.